मिशेलश्टाटचा जुना टाउन हॉल: बघायचा तो बाहेरून

जर्मनीत ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागातल्या मिशेलश्टाट गावात १४८४ साली बांधलेला लाकडी टाउन हॉल आजही बाजारचौकात उभा आहे. तिकीट काढून दालनं बघायला म्हणून गेलात तर निराशा होईल. वरच्या मजल्यावर लग्नं लागतात, एरवी दार बंद असतं. तसंही आतली रचना वेळोवेळी बदलली आहे. अस्सल उरलाय तो बाहेरचा सांगाडा, आणि तो केव्हाही फुकट बघता येतो.

तळमजला उघडा आहे. पूर्वी इथे बाजार भरायचा. सरळ आत शिरा आणि मान वर करा. ओकचे दणकट खांब, त्यांवर तुळया आणि कोपऱ्यांत तिरके आधार. वाईचे वाडे पाहिलेल्यांना खांब-तुळईचं गणित लगेच कळेल. वाड्याला जाड भिंतींची साथ असते. इथे वाऱ्याचा धक्का हे तिरके आधार झेलतात. जोडांपाशी नीट बघा: एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, ही यांची पद्धत. खांबांवरच्या उभ्या भेगा म्हणजे पडझड नव्हे. ओक ओला असतानाच चढवायचे, तो जागेवर वाळताना तडकतो.

१७४३ मध्ये दर्शनी भाग लाकडी फळकुटांनी झाकला गेला, १९०३ मध्ये तो पुन्हा मोकळा केला. म्हणूनच कोपऱ्यांवरच्या दोन टोकदार बुरुज्यांखालची चौकट आज दिसते, आणि हे काम फार मोलाचं झालं. अशा घराचं खरं दुखणं पाणी. लाकूड आणि चौकटीतल्या मोकळ्या जागेत भरलेल्या भरावाच्या सांध्यात ते शिरतंच. चुन्याचा गिलावा असला तर वाळून जातं. सिमेंट फासलं की आतच कोंडतं आणि लाकूड कुजतं. गावातल्या इतर जुन्या घरांची तळाची आडवी तुळई पाहा, नव्या लाकडाची ठिगळं बहुधा तिथेच दिसतात.

फ्रँकफर्टहून ओडेनवाल्डबान या स्थानिक रेल्वेची थेट गाडी साधारण सव्वा तास घेते, डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरच्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास) चालतं. स्टेशनपासून चौक चालत दहा-बारा मिनिटांवर. नाताळच्या बाजारात चौक सुरेख सजतो, पण दुकानांमुळे खांब धड दिसत नाहीत; लाकूडकाम बघायचं असेल तर इतर महिन्यांत, सकाळी जा. उरलेल्या वेळात जवळच्या श्टाइनबाखची नवव्या शतकातली आइनहार्ड बॅसिलिका (जुनं चर्च) बघायला जमते, फक्त तिच्या वेळा आधी बघून निघा.