जपानचा हिवाळा: एसी, फॅन हीटर की वातीचा स्टोव्ह?

रेशनचं निळं रॉकेल बघितलेल्यांना जपानचं 'तोयु' पाण्यासारखं दिसतं, झाकण उघडलं की मग वासावरून कळतं की हे आपलं घासलेटच. पण काहीही घ्यायच्या आधी भाड्याचा करार नीट बघा, बऱ्याच अपार्टमेंटमध्ये रॉकेलचे हीटर चालतच नाहीत.

आता पैशांचं. लिटरभर रॉकेल जाळलं की साधारण १० युनिट उष्णता मिळते. लिटर १२० येन धरा, ३.२ किलोवॅटचा फॅन हीटर (रॉकेल जाळून विजेच्या पंख्याने ऊब फेकणारा) फुल्लवर तासाला ०.३१ लिटर पितो, म्हणजे ३७ येन. १२०० वॅटचा इलेक्ट्रिक हीटर ३१ येन युनिटने तेवढेच पैसे खातो आणि ऊब देतो निम्म्याहून कमी, त्यामुळे तो फक्त बाथरूमबाहेर पाच मिनिटांसाठी ठीक. एसीला मात्र उगाच शिव्या देतात, तो एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतो म्हणजे टोकियोकडे रॉकेलच्या बरोबरीनेच पडतो, फक्त बाहेर शून्याखाली गेलं की मध्येच थांबून बाहेरच्या यंत्रावर साचलेला स्वतःचाच बर्फ वितळवत बसतो आणि आपण कुडकुडतो.

ऑफिसची घाई असेल तर फॅन हीटर. डाइनिची कंपनीचा ४० सेकंदांत पेटतो, कोरोना कंपनीचा जरा वेळ घेतो पण वीज कमी खातो. तीन तासांनी आपोआप बंद होतो, आणि लाइट गेली की त्याचा नुसता डबा.

वातीच्या स्टोव्हला वीज लागत नाही, भूकंपात लाइट गेली तर हाच कामाला येतो, वर किटली ठेवली की चहाचं पाणी कायम गरम. पण त्याचे लाड फार. मी मागच्या सीझनचं उरलेलं पिवळट तेल कंजूसपणा करून घातलं तर वात डांबर लागल्यासारखी कडक, खाली सरकेचना, नवीन वात घ्यावी लागली आणि बायकोचं ऐकावं लागलं ते वेगळं. फॅन हीटर असो की स्टोव्ह, तासातून एकदोनदा खिडकी उघडायची, त्यात आळस नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रॉकेल सगळ्यात स्वस्त सेल्फ-सर्व्हिस पंपावर, कॅन आपला न्यायचा (टोकियोकडे लाल, ओसाकाकडे निळा, का ते विचारू नका). गाणं वाजवत गल्लीत येणारा ट्रक लिटरमागे थोडे येन जास्त घेतो, पण १८ लिटर म्हणजे साडेचौदा किलो, लिफ्ट नसेल आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर ते येन खुशाल द्या.

पहिलाच हिवाळा असेल तर माझं मत फॅन हीटर, स्टोव्ह पुढच्या वर्षी हौस म्हणून. आणि मार्चात कॅन अर्धाच भरा.