पाणी, हेलियम, सोडियम की वितळलेले क्षार? नवी अणुभट्टी निवडताना

अणुभट्टी बंद केली म्हणजे ती लगेच थंड होत नाही. शृंखला अभिक्रिया क्षणात थांबते, पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद करताक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या 6 ते 7 टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवस उलटला तरी अर्धा टक्का शिल्लक असते. 3000 मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे 15 मेगावॉट. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या 2011 च्या भूकंपात ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात पुढे झाला. त्सुनामीने डिझेल जनित्रं निकामी केली, पंप थांबले आणि ही मागे उरलेली उष्णता बाहेर काढता आली नाही.

म्हणून कुठलीही ‘प्रगत’ रचना समोर आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वीज गेली आणि कुणी कशाला हात लावला नाही, तर ही उष्णता जाते कुठे? मग हे चालत्या भट्टीत करून पाहिलंय का, ते विचारायचं. वेळापत्रकासाठी घोषणेतली तारीख बाजूला ठेवून पहिलं काँक्रीट ओतल्यापासून वीज येईपर्यंतची वर्षं मोजायची.

पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या भट्ट्यांत एपी-1000 या अमेरिकी रचनेचं उत्तर समजायला सोपं आहे. वरच्या टाकीतलं पाणी गुरुत्वाकर्षणाने भट्टीभोवतीच्या पोलादी कवचावर ओघळतं, बाहेरची हवा कवच निववते आणि 72 तास पंपाची वा माणसाची गरज पडत नाही. त्यानंतर मात्र टाकी भरावी लागते. अमेरिकेतल्या व्होगल इथे या रचनेच्या दोन भट्ट्यांचं काम 2013 मध्ये सुरू झालं. तिसरं युनिट जुलै 2023 मध्ये आणि चौथं एप्रिल 2024 मध्ये चालू झालं. सुमारे 14 अब्ज डॉलरचा अंदाज 30 अब्जांच्या वर गेला. फिनलंडची ओल्किलुओतो-3 वेगळ्या रचनेची, पण कहाणी तीच: 2005 ला आरंभ, 2009 चं लक्ष्य, नियमित वीज 2023 मध्ये. म्हणजे इथे सुरक्षेचं उत्तर पटण्याजोगं आहे. अडचण आहे ती बांधकामाची.

ती अडचण लहान भट्ट्या सोडवतील असं सांगितलं जातं. न्यूस्केल या अमेरिकी कंपनीची भट्टी पाण्याच्या मोठ्या कुंडात बुडालेली असते, त्यामुळे उष्णता मुरायला जागा आयतीच मिळते, आणि अमेरिकी नियामकाची मान्यताही तिला मिळाली आहे. तरी आयडाहोतला तिचा पहिला प्रकल्प नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला. विजेचा अंदाजित दर प्रति मेगावॉट-तास 58 वरून 89 डॉलरवर गेला होता. रशियाची तरंगती ‘अकादेमिक लोमोनोसोव्ह’ 35 मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची. तिचं काम 2007 मध्ये सुरू झालं आणि व्यावसायिक वीज 2020 मध्ये मिळाली. आकार लहान झाला म्हणून वर्षं कमी होतात, हे अजून दिसायचं आहे.

मला सगळ्यात आश्वासक वाटते ती हेलियमने थंड होणारी भट्टी. इथे सुरक्षा इंधनातच आहे. मोहरीपेक्षा लहान युरेनियमच्या कणावर कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर असतात, आणि सुमारे 1600 अंश सेल्सिअसपर्यंत ते किरणोत्सारी द्रव्य आत धरून ठेवतात. असे हजारो कण ग्राफाइटच्या 6 सेंटिमीटरच्या गोळ्यात बसवतात. गाभ्यात उष्णता मुद्दामच विरळ ठेवलेली असते, त्यामुळे ती भिंतींवाटे आपोआप बाहेर पडते. चीनच्या शिदाओवानमध्ये 2023 साली चालत्या भट्टीचं शीतकरण खरोखर तोडून पाहिलं आणि ती कुणाच्या मदतीशिवाय निवली. अशी परीक्षा दिलेली नवी रचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पण किंमतही पाहा: काम डिसेंबर 2012 मध्ये सुरू, व्यावसायिक चालवणं डिसेंबर 2023 मध्ये, आणि दोन भट्ट्या मिळून वीज फक्त 210 मेगावॉटच्या आसपास. जर्मनीतल्या युलिशच्या जुन्या गोळ्यांच्या भट्टीत तर गाभ्याचं तापमान गणितापेक्षा बरंच जास्त निघालं होतं. हिशोबावर विसंबायचं नाही, हे तिथून शिकावं. उद्योगाला उच्च तापमानाची उष्णता हवी असेल आणि दहा-बारा वर्षं थांबायची तयारी असेल, तर मी याच भट्टीकडे झुकेन.

सोडियमच्या भट्टीचा पुरावा याहून जुना आहे. एप्रिल 1986 मध्ये, चेर्नोबिलच्या काही आठवडे आधी, आयडाहोतल्या ईबीआर-2 या प्रायोगिक भट्टीचे पंप बंद केले आणि अभिक्रिया थांबवणारे नियंत्रण दांडेही खाली सोडले नाहीत. गाभा तापला, प्रसरण पावला, अभिक्रिया आपोआप मंदावली. सोडियम सुमारे 880 अंशांना उकळतो, त्यामुळे मोठ्या दाबाची गरज नाही, हेही जमेचंच. पण पाणी वा हवा लागली की तो पेटतो. जपानच्या मोंजूत 1995 मध्ये गळती होऊन आग लागली, आणि ती भट्टी पुन्हा धड चालली नाही. 2016 मध्ये कायमची बंद करायचं ठरलं. याउलट रशियाची बीएन-600 ही 1980 पासून वीज देते आहे. तेव्हा ही भट्टी घेताना चालवणाऱ्यांचा अनुभव पाहावा, नुसती रचना नाही.

वितळलेल्या क्षारांबद्दल थोडक्यात. इंधनच द्रवात विरघळलेलं असतं, तळाचा गोठलेला बूच तापून वितळला की सगळं खालच्या टाकीत उतरतं. कल्पना देखणी आहे. पण अमेरिकेतल्या ओक रिजची प्रायोगिक भट्टी 1965 ते 1969 एवढीच चालली, चीनची 2 मेगावॉट उष्णतेची भट्टी 2023 मध्ये क्रांतिक झाली (म्हणजे तिची शृंखला अभिक्रिया स्वतःहून चालू राहू लागली), आणि गंज हा प्रश्न उभाच आहे. आज वीज हवी असणाऱ्याने हिचा विचार करू नये.

राहिलं इंधन. यांतल्या बऱ्याच नव्या रचनांना 5 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान समृद्ध केलेलं, म्हणजे विखंडन होणाऱ्या युरेनियम-235 चं प्रमाण तेवढं वाढवलेलं, युरेनियम लागतं. टेरापॉवर या अमेरिकी कंपनीच्या वायोमिंगमधल्या सोडियम भट्टीचं वेळापत्रक 2028 वरून 2030 वर गेलं, कारण ते इंधन व्यापारी प्रमाणात रशियाच पुरवत होता आणि युक्रेन युद्धानंतर तो मार्ग बंद झाला. करार करण्याआधी पहिल्या दोन-तीन भरणांचं इंधन कोण आणि कुठून देणार, हे लेखी मागून घ्यावं.