सीपॅप की बायपॅप? श्वास सोडताना काय होतं ते पाहा

सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून एकाच दाबाने हवा देणारं मशीन, लावून दोन-तीन महिने झालेत, रिपोर्टमधले आकडे सुधारलेत, पण मशीनशी काही केल्या जमत नाही आणि डॉक्टरांनी बायपॅपचा (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणाऱ्या मशीनचा) विषय काढलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरली आहेत.

सीपॅपला मी नावं ठेवणार नाही. १९८१ साली कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे दाबाची हवा देऊन झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवता येतो हे दाखवलं. त्याआधी गंभीर रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडण्यापर्यंत वेळ येई. आजही घसा मिटल्यामुळे होणाऱ्या स्लीप ॲप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारात, बहुतेकांचं सीपॅपवर उत्तम भागतं. तुमचा दाब ८-९ (हा सेंटिमीटर पाण्यात मोजतात) असेल आणि झोप लागत असेल, तर बदलायच्या फंदात पडू नका.

माझा दाब १४ वर गेला होता. श्वास घेताना काहीच त्रास नसे, सोडताना मात्र समोरून तेवढाच झोत. तरीही मी ते सोसलं असतं. सोसलं नाही ते पोट. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची तेव्हा बेंबीच्या वरचा भाग टणक झालेला असायचा, कुशीवर वळलं की आत गुडगुड, आणि उठून बसल्यावर एकामागून एक ढेकर. घशातला दाब अन्ननलिकेच्या झडपेला जुमानत नाही, हवा थेट जठरात उतरते. श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय सीपॅपमध्येही असते, पण सहसा ३ सेंटिमीटरपर्यंतच. मला त्याने थोडा आराम पडला, तीनची जाग काही टळली नाही.

बायपॅपवर टायट्रेशन, म्हणजे झोपेत तपासून योग्य दाब ठरवणं, झालं तेव्हा आकडे ठरले घेताना १५ आणि सोडताना १०. सोडतानाचा दाब घसा पूर्ण मिटू देत नाही. घेतानाचा वाढीव दाब उथळ श्वास आणि घोरणं सांभाळतो. म्हणून खालचा आकडा मनाने कमी करायचा नाही, ॲप्निया परत येतो. पहिल्या आठवड्यातच पोट हलकं वाटू लागलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री उठून बसलोच नव्हतो. सगळ्यांना असाच अनुभव येईल असं मी म्हणणार नाही, पण माझ्यापुरता प्रश्न तिथे सुटला.

बायपॅपचीही एक खोड आहे. श्वास कधी संपला हे ते हवेच्या प्रवाहावरून ओळखतं, त्यामुळे मास्क गळत असला की फसतं. तुम्ही सोडायला लागता आणि ते अजून आत ढकलत असतं. सीपॅपवर चालून गेलेली थोडी गळती इथे चालत नाही. मला मास्क एक माप लहान घ्यावा लागला.

काहींच्या बाबतीत दोन दाबांमधल्या फरकाने कार्बन डायऑक्साइड जास्त उतरतो आणि मेंदूच श्वासाचा इशारा द्यायचं थांबवतो. म्हणून मशीन बदलल्यावर पहिल्या महिन्याचा डेटा डॉक्टरांना दाखवाच. उलट, फुप्फुसाच्या जुन्या आजाराने किंवा अतिस्थूलतेमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, तर आवडीनिवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. तिथे अनेकदा बायपॅपच लागतं, आणि कधी श्वासांची किमान संख्या राखणारं.

टायट्रेशनच्या प्रचलित नियमांत सीपॅप १५ वर नेऊनही अडथळे राहिले किंवा एवढा दाब सोसवत नसेल, तर बायपॅपकडे वळायला सांगितलंय. तुम्ही त्या आकड्याच्या आसपास असाल, मास्क नीट बसतोय, दाब उतरवण्याची सोयही वापरून झाली आहे आणि तरी सकाळी पोट फुगलेलं असतं, तर मी तुमच्या जागी फार काळ थांबलो नसतो. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभर एवढंच टिपून न्या: किती वाजता जाग आली, आणि तेव्हा पोट कसं होतं.