बाळ गेल्यावर हॉस्पिटलकडून मिळालेली सपोर्ट सर्व्हिस, माझा अनुभव (५ पैकी ४)

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. फक्त एवढं कळावं की अशी सर्व्हिस असते, ती मागता येते आणि ती नीट दिली तर आईबापांना खरंच आधार होतो.

आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. हालचाल कमी वाटली म्हणून दाखवायला गेलो, सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, आणि त्यानंतर डॉक्टर म्हणाल्या की डिलिव्हरी नॉर्मलच करू. बायकोला ते ऐकवेना. बऱ्याच जणांना हे आधी माहीतच नसतं, पण बाळ गेलेलं असलं तरी बहुतेक वेळा कळा आणूनच डिलिव्हरी करतात, कारण सिझर केलं तर आईला आणि पुढच्या बाळंतपणाला धोका जास्त असतो. हे आम्हाला खास या कामाचं ट्रेनिंग घेतलेल्या सिस्टरनी बसून समजावलं, एकदा नाही, जितक्यांदा विचारलं तितक्यांदा. खोली बाकीच्या बाळंतिणींपासून लांबची दिली आणि दारावर थेंबाचं एक छोटं चिन्ह लावलं, म्हणजे सफाईवाल्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत कुणीही आत येऊन चुकून अभिनंदन करू नये.

आता सर्व्हिसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट, कूलिंग कॉट. दिसायला साधाच पाळणा, गादीखाली एक पॅड, त्यातून गार पाणी फिरत राहतं आणि बाजूला मशीन हळू आवाजात चालू असतं. त्यामुळे बाळाच्या शरीरात होणारे बदल मंदावतात आणि लगेच घेऊन जावं लागत नाही. आम्हाला तिच्यासोबत पूर्ण रात्र आणि दुसरा दिवस मिळाला. मी आधी बघायलाच तयार नव्हतो, तर सिस्टर म्हणाल्या, "दादा, जबरदस्ती नाही, पण ती कशी दिसतेय ते आधी सांगते, मग ठरवा." ओठ गडद झालेत, एका गालावरची त्वचा नाजूक झालीये, केस भरपूर आहेत, असं सगळं स्पष्ट सांगितलं आणि मग मी गेलो. पावलांचे ठसे घेताना त्यांनी एकेक बोट हलकेच सरळ करून कागदावर टेकवलं आणि पूर्ण वेळ तिच्याशी नावाने बोलत होत्या, "थांब हं, झालंच." जावळाची एक बट, हाताचा बँड, फोटो असं सगळं एका पेटीत ठेवून दिलं आणि सांगितलं की आत्ता बघवत नसेल तर आम्ही सांभाळून ठेवतो, कधीही या. माझं ठाम मत आहे की बाकी काही नसलं तरी हा वेळ आणि हे ठसे प्रत्येक ठिकाणी मिळायलाच हवेत, कारण हे नंतर कितीही पैसे टाकून परत मिळत नाही.

दुसरं म्हणजे दुधाबद्दल आधीच सांगितलं. बाळ नसलं तरी वार (प्लॅसेंटा) पडल्यावर दोन-चार दिवसांत पान्हा येतोच, शरीराला कुठे माहीत असतं. दूध थांबवायची गोळी असते पण बीपीचा त्रास असेल तर चालत नाही, नाहीतर नीट आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या, पेनकिलर, आणि कुणाला वाटलं तर मिल्क बँकेला दान करण्याचाही पर्याय. बायको म्हणते, हे आधी कळलं नसतं तर त्या रात्री वेडी झाले असते. वार तपासायला पाठवायची का, पोस्टमॉर्टेम करायचं का, हेही घाई न करता विचारलं, आणि सगळं करूनही कारण सापडेलच असं नाही हेही तेव्हाच सांगितलं.

घरी आल्यावर फोन येत राहिले आणि ऑनलाइन ग्रुपला जोडून दिलं. ग्रुप चालवणाऱ्या ताईंचं स्वतःचं बाळ गेलेलं, त्यामुळे "अजून वय आहे, दुसरं होईल" असलं तिथे कुणी म्हणत नाही. नुसतं ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेली बाळं २०२१ मध्ये जगभरात साधारण १९ लाख होती, हे मला तिथे कळलं, आणि तरी आपल्या ओळखीत कुणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यासोबतच झालं. १५ ऑक्टोबरला संध्याकाळी ७ वाजता ग्रुपमधले सगळे गेलेल्या बाळांच्या आठवणीत आपापल्या घरी मेणबत्ती लावतात, हे जगभर करतात, आम्हीपण लावली.

एक स्टार का कापला, तर फॉलोअप नेहमीच्याच ओपीडीत. चहूबाजूला पोट असलेल्या बायका, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो, आणि नंबर येईपर्यंत तिथेच बसायचं, हे अजिबात पटलं नाही. शेवटचा नंबर किंवा वेगळा दरवाजा देणं काही अवघड नाही. त्यात डिस्चार्जनंतर मोबाईलवर लसीकरणाचा आपोआप येणारा मेसेज आला, बायकोच्याच फोनवर. एवढं मन लावून काम करणाऱ्या सिस्टर आणि कॉम्प्युटरमध्ये एक एन्ट्री बदलायला कुणी नाही? लेखी तक्रार दिली, माफी मागितली, मेसेज बंद झाले. आणि वडिलांसाठी वेगळं काहीच नाही. मला सगळे विचारायचे "ती कशी आहे", त्या सिस्टर सोडल्या तर मी कसा आहे हे कुणी विचारलं नाही, ग्रुपमध्येही पुरुष दोन-तीनच आणि गप्प.

कुणाच्या घरात हे आत्ता घडत असेल तर डिस्चार्जच्या आधी तीन गोष्टी स्वतःहून विचारा: बाळासोबत वेळ आणि कूलिंग कॉट मिळेल का, ठसे-फोटो घेतील का, आणि घरी गेल्यावर फोन कुणाला करायचा. आईबापांना त्या वेळी सुचत नाही, त्यामुळे भावाने, बहिणीने, मित्राने विचारलं तरी चालतं. कूलिंग कॉट नसेल तर ठसे आणि फोटो तरी घ्यायला सांगा, त्याला शाई, कागद आणि मोबाईल पुरतो.