सारा रेकॉर्ड्सच्या सात इंची सिंगल्स: अकरा महिने वाजवल्यानंतर

मागच्या ऑगस्टमध्ये पहिली सात इंची सिंगल, म्हणजे दोन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड, घरी आणली तेव्हा ती वाजवायला प्लेअरसुद्धा नव्हता. आज कपाटात एकतीस सिंगल्स आहेत, त्यातल्या तेवीस इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्स या कंपनीच्या. आठवड्यातले निदान पाच दिवस तरी संध्याकाळी त्या वाजतातच. त्यामुळे काय टिकतं, काय बिघडतं आणि पैसे कुठे वाया जातात, हे आता अनुभवाने सांगता येईल.

नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये ब्रिस्टलमधल्या एका तळघरातल्या फ्लॅटमधून ही कंपनी सुरू केली. नोव्हेंबरात पहिली सिंगल आली, वेस्ट ब्रॉमिचच्या द सी अर्चिन्स या बँडची. १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या यादीतला शंभरावा क्रमांक काढला, बंदरात नांगरलेल्या थेक्ला नावाच्या जहाजावर पार्टी केली आणि कंपनी ठरवून बंद केली. मधल्या आठ वर्षांत ग्लासगोचे ऑर्किड्स, दक्षिण लंडनचे फील्ड माइस, ऑक्सफर्डचे हेवनली, यॉर्कचे सेंट ख्रिस्तोफर, रेडिंगचे ब्लूबॉय, अगदी सिडनीचे ईव्हन अ‍ॅज वी स्पीक अशा बँड्सची गाणी त्यांनी काढली. कंपनीला मुलीचं नाव देणं हीसुद्धा त्या काळात एक भूमिका होती. आडदांड रॉकच्या जगात तिला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. संगीताच्या साप्ताहिकांनी या बँड्सची यथेच्छ टर उडवली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं हिशेबाचं धोरण. तेव्हा इतर कंपन्या तेच गाणं बारा इंचीवर एखाद्या जादा गाण्यासकट पुन्हा विकायच्या. चाहता दोनदा पैसे मोजायचा. यांनी बारा इंची सिंगल काढायचं नाही असंच ठरवलं. एक ठळक अपवाद म्हणजे फील्ड माइसची १९९१ मधली 'मिसिंग द मून', कारण ते गाणं सात इंचांत मावण्यासारखं नव्हतंच. सिंगलवरची गाणी अल्बममध्ये घालून पुन्हा विकणंही त्यांना पटत नसे. मुद्दा एवढाच की खाऊच्या पैशांत एखाद्या मुलीला दोन-चार गाणी मिळावीत, आणि ती मिळाली की तिची फसवणूक झालेली नसावी.

आता प्रत्यक्ष वापराचं. हाताला पहिल्यांदा लागतं ते कव्हर, आणि ते पुठ्ठ्याचं नसतं. घडी घातलेला छापील कागद, त्यात रेकॉर्ड, आणि सगळ्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी. काहींत पोस्टरही असतं. माझ्याकडच्या 'सेन्सिटिव्ह'च्या (फील्ड माइस, १९८९) घडीवरची शाई उडून पांढरी रेघ पडली आहे. आतल्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने '११ मार्च' एवढंच लिहिलंय. ती तारीख मी खोडलेली नाही. पण जुन्या पिशव्या मात्र काढून टाका. माझ्याकडच्या सहा-सात चिकट झाल्या होत्या. त्यांच्या जागी साधी पॉलिथिनची पाकिटं घातली. मऊ पीव्हीसीची पाकिटं दिसायला छान असतात, पण वर्षानुवर्षं त्यात रेकॉर्ड राहिली तर त्यातलं रसायन उतरून रेकॉर्डवर धुरकट थर बसतो. तो पुसून जात नाही.

ओल हा इथला, ब्रिस्टलमधला, दुसरा शत्रू. डिसेंबरात माझं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं होतं. पंधरा दिवसांत चार कव्हरांचे कागद पापडासारखे वर आले. रेकॉर्डना काही झालं नाही, पण तो कागद पुन्हा छापून मिळणार नाही. कपाट आतल्या भिंतीला आणलं, सिंगल्स उभ्या ठेवल्या, आणि आडव्या थप्प्या लावायचं बंद केलं.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी निराश होते. ही गाणी मी २००६ मध्ये पुण्यात, एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा ऐकली होती. हॉस्टेलच्या खोलीत, एकच हेडफोन दोघींनी एकेका कानाला लावून. तेव्हा जे ऐकलं त्यापेक्षा रेकॉर्डवर वाईट ऐकू येत होतं. विशेषतः 'सेन्सिटिव्ह'. हे गाणं पाच मिनिटं चालतं आणि शेवटी गिटारचं अक्षरशः वादळ उठतं. नेमकं तिथेच सुई रेकॉर्डच्या मध्याजवळ पोचलेली असते. फिरण्याचा वेग तोच, पण आतलं वर्तुळ लहान, म्हणजे तेवढ्याच वेळात चर कमी अंतर धावतो आणि तितकाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. थोडीशी झिजलेली किंवा तिरकी बसलेली सुई तिथे हमखास खरखरते. गिटार कुठे संपते आणि सुईची कुरकुर कुठे सुरू होते, हेच मला कळेना.

साताऱ्याला बाबांना फोन लावला. त्यांच्या ट्रंकेत सत्तरच्या दशकातल्या भावगीतांच्या ईपी अजून आहेत, याच आकाराच्या, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या याच वेगाच्या. लहानपणी त्यांना हात लावायचा तर आधी हात धुऊन यावं लागायचं.

"सुई किती जुनी आहे?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"प्लेअर सेकंडहँड आहे बाबा. विकणारा म्हणाला जवळजवळ नवीन आहे."

"म्हणजे तुला माहीत नाही. मग रेकॉर्डला कशाला बोल लावतेस? आधी सुई बदल. आणि प्लेअर लेव्हलला आहे का बघ, वर वाटीभर पाणी ठेवून."

वाटीतलं पाणी एका बाजूला झुकलेलं दिसलं. टेबलाच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा घातला, अठ्ठावीस पौंडांची नवी सुई आणली, आणि ती सरळ बसवायला कागदी मापपट्टी वापरली. रेकॉर्डवर पडणारं सुईचं वजन तिच्या कंपनीने सांगितलेलं ठेवलं, पावणेदोन ग्रॅम. 'आमच्या वेळी सुईच्या दांड्यावर चार आणे ठेवायचो' असंही बाबा म्हणाले होते, ते मात्र केलं नाही. जादा वजनाने सुई उडत नाही हे खरं, पण चर घासले जातात. त्या रात्री 'सेन्सिटिव्ह' शेवटपर्यंत ऐकलं. वादळात तीन वेगवेगळ्या गिटार होत्या. इतकी वर्षं मला ती एकच वाटत होती.

तेव्हा रेकॉर्डच्या किमतीआधी सुईचे पैसे बाजूला काढा.

फ्लेक्सीबद्दल वेगळं सांगायला हवं. पेन्झान्सच्या हार्वी विल्यम्सने अनदर सनी डे या नावाने केलेलं 'अनोरॅक सिटी' हे गाणं तिसऱ्या क्रमांकाला फ्लेक्सीवर निघालं. फ्लेक्सी म्हणजे वाकणारी, पातळ प्लास्टिकची तबकडी. ती प्लेअरच्या मॅटवर घसरते, सुईच्या भाराने जागीच थांबते आणि गाणं रेंगाळतं. उपाय जुनाच आहे. खाली एक जाड रेकॉर्ड ठेवायची, त्यावर फ्लेक्सी, आणि मधल्या लेबलवर एक नाणं. मी दोन पेन्सचं वापरते. फ्लेक्सीचं आयुष्य कमी असतं, म्हणून ती महिन्यातून एकदाच वाजते. ते गाणं मात्र ऐकल्यावर दिवसभर डोक्यातून जात नाही.

या अकरा महिन्यांत माझ्या आवडीचा क्रमही बदलला. आले फील्ड माइससाठी, आणि सगळ्यात जास्त वाजले हेवनली. अमेलिया फ्लेचर या बँडच्या गायिका, आधी टलुला गॉश या बँडमध्ये होत्या. पुढे त्या ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात मुख्य अर्थतज्ज्ञ झाल्या, आता प्राध्यापक आहेत. त्यांचं 'हार्ट्स अँड क्रॉसेस' हे १९९३ मधलं गाणं फोनवर प्लेलिस्टमध्ये ऐकताना मला कायम उड्या मारणारं, जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटायचं. सिंगलवर ऐकताना दुसरं काही करता येत नाही, बसून शब्द ऐकावे लागतात. तेव्हा कळलं की एका मुलीच्या प्रेमाच्या स्वप्नाचं बलात्कारात रूपांतर होतं, त्याची ही गोष्ट आहे. आणि मधला तो आनंदी कीबोर्ड नेमका त्या प्रसंगाच्या जागी वाजतो. मी सुई उचलून किती तरी वेळ तशीच बसले. ज्यांनी या बँडना 'गोडगोड' म्हणून झटकलं त्यांनी हे गाणं ऐकलं होतं का, असा प्रश्न पडतो.

ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक मजा आहे. सारा रेकॉर्ड्सच्या संकलनांना (निवडक गाण्यांच्या अल्बमना) आसपासच्या जागांची नावं आहेत आणि क्रमांक तिथे जाणाऱ्या बसचे. 'टेंपल क्लाउड'चा क्रमांक ३७६. ती बस आजही सॉमरसेटमधल्या वेल्स (Wells) या गावाच्या दिशेने जाते. फेब्रुवारीत एका रविवारी मी त्या बसने टेंपल क्लाउडला गेले, रस्त्याकडेचं छोटं गाव आहे, पाऊस होता, अर्ध्या तासात परतले. शेवटच्या, शंभराव्या क्रमांकाचं नाव 'देअर अँड बॅक अगेन लेन'. ही गल्लीही खरी आहे, विद्यापीठाजवळ. ऑफिसच्या वाटेवर पडते म्हणून मी तिच्यासमोरून रोज जाते.

आता तक्रार. ज्या रेकॉर्ड खाऊच्या पैशांत मिळाव्यात म्हणून काढल्या, त्या आज गुंतवणूक झाल्या आहेत. पहिल्या क्रमांकाच्या सी अर्चिन्सच्या सिंगलला शंभर पौंडांच्या वर मागतात. मी ती घेतलेली नाही, घेणारही नाही. ऑनलाइन घेतलेल्या दोन रेकॉर्डवर 'व्हीजी प्लस' ('व्हेरी गुड'हून थोडी सरस अवस्था) असं लिहिलेलं होतं आणि प्रत्यक्षात एकीवर ओरखडा इतका खोल होता की तिसऱ्या कडव्यात सुई दर वेळी उडते. विकणाऱ्याने पैसे परत दिले, पण तीन आठवडे आणि सात ई-मेलनंतर. फोटो तिरक्या उजेडात काढून मागा. कव्हरपेक्षा चर बघा. आणि 'पॅकबंद, कधीही न वाजवलेली' म्हणून दुप्पट किंमत सांगत असतील तर सोडून द्या. तीस-पस्तीस वर्षं न वाजलेल्या गाण्याचं करायचं काय?

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी सुरुवातीच्या वीस-एक क्रमांकांच्या मागे लागू नये. संकलनाची सीडी घ्यावी, त्यातलं जे गाणं तिसऱ्यांदा ऐकावंसं वाटेल, त्याच बँडची सिंगल शोधावी. गाणी ऐकत काम करायची सवय असेल तर सिंगल्स त्रासदायक वाटतील. माझा प्लेअर पूर्ण हाताने चालवायचा आहे. दर तीन-चार मिनिटांनी गाणं संपतं, सुई आतल्या चरात टिकटिकत राहते, आणि उठावंच लागतं. मला आता त्या उठण्याची इतकी सवय झाली आहे की फोनवर एकामागून एक गाणी आपोआप लागतात तेव्हा चुकल्यासारखं होतं.

बाबा मे महिन्यात आले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच कपाटातून एक सिंगल काढली, फील्ड माइसची 'एमाज हाउस'. दोन्ही तळहातांनी कडेला धरून उजेडात फिरवली, फुंकर मारली नाही, ब्रशने पुसली. गाणं लावलं. शब्द त्यांना सगळे कळले नसावेत. ड्रम मशीनची टकटक, त्यावर ती बारीक गिटार, आणि ते डोळे मिटून बसलेले. गाणी संपली. सुई टिकटिकायला लागली. मी उठायच्या आत ते उठले, सुई अलगद उचलली, आणि म्हणाले, "मागच्या बाजूला काय आहे?"