न्यू डीलवर प्रबंध लिहायचाय? आधी योजना निवडा

एम.ए.ची मुलं प्रबंधाचे विषय घेऊन येतात, त्यात दरवर्षी एक तरी कागद असतोच: 'महामंदी आणि न्यू डील: एक अभ्यास'. मी तो कागद परत करते. न्यू डील म्हणजे महामंदीतून सावरायला अमेरिकेत रूझवेल्ट सरकारने काढलेल्या योजनांचा आणि कायद्यांचा गठ्ठा. डझनावारी खाती, दहा वर्षांचा काळ आणि प्रबंध साठ पानांचा. यातून हाती लागते ती आद्याक्षरांची जंत्री. सीसीसी, पीडब्ल्यूए, सीडब्ल्यूए, डब्ल्यूपीए, एएए. तेव्हाचे अमेरिकन लोकसुद्धा या सगळ्याला 'अक्षरांचं सूप' म्हणून हसायचे.

यंदा तिघांनी एकाच आठवड्यात विचारलं, "मॅडम, मग यातलं घ्यायचं काय?" म्हणून हे लिहूनच काढते.

पार्श्वभूमी सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून दोन ओळींत उरकते. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत चार कामगारांमागे एक बेकार झाला, म्हणजे सव्वा कोटींच्या वर माणसं. ४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा देशभरातल्या बँका एकतर बंद होत्या किंवा त्या वाटेवर होत्या.

आता निवड कशी करायची? मी प्रत्येक योजनेला तीन प्रश्न विचारते. घोषणा झाल्यापासून माणसाच्या हातात पैसा पडायला किती वेळ लागला? तो घेताना त्याला काय काय उघडं करून दाखवावं लागलं? आणि काम संपल्यावर मागे काय उरलं? ही तिन्ही उत्तरं एकाच योजनेत चांगली आलेली मला दिसली नाहीत. आणि प्रबंधाचा विषय असतो तो नेमका या ओढाताणीत.

हे प्रश्न मला पुस्तकातून सुचलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा अमेरिकेतून आलेला लाल मिलो, हे सगळं ती सांगायची. पण तिच्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा यायचं ते एकच: मस्टरवर नाव लागलं का आणि पगार कधी झाला. त्या खडीचा रस्ता पुढे कुठे गेला, ते तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

फेरा आणि सीडब्ल्यूए: दोन्ही हॉपकिन्सच्याच

मे १९३३ मध्ये 'फेरा' म्हणजे संघराज्य सरकारचं आपत्कालीन मदत खातं सुरू झालं. रक्कम ५० कोटी डॉलर. निम्मी रक्कम राज्यांनी तीन डॉलर घातले तर केंद्राचा एक, या हिशेबाने द्यायची आणि उरलेली गरज बघून. प्रमुख होते हॅरी हॉपकिन्स. आयोवाचा हा माणूस मूळचा समाजसेवक, न्यूयॉर्क राज्याचं मदतकार्य सांभाळून आलेला. पदावर बसल्यावर पहिल्या दोन तासांत त्यांनी ५० लाख डॉलरांहून जास्त रक्कम मंजूर केली, तीही म्हणे कॉरिडॉरमधल्या टेबलावर बसून. टेबलाची आख्यायिका असेल, रक्कम खरी आहे.

पहिल्या प्रश्नाला फेरा पैकीच्या पैकी गुण घेते. दुसऱ्याला मात्र घसरते. मदत हवी असेल तर घरी तपासनीस येणार. फडताळात काय आहे, भाऊ कमावतो का, दागिना विकला का, सगळं विचारणार. शिवाय पुष्कळ ठिकाणी रोख रक्कम मिळायचीच नाही. किराणा दुकानाची चिठ्ठी मिळायची आणि काय घ्यायचं तेही चिठ्ठीतच लिहिलेलं. काल-परवापर्यंत स्वतःचं दुकान चालवणाऱ्या माणसाला ही चिठ्ठी गल्ल्यावर ठेवताना काय वाटलं असेल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही.

हॉपकिन्सना स्वतःलाच हे पटत नव्हतं. १९३३ चा हिवाळा तोंडावर आला, मोठ्या बांधकामांचा पैसा अजून कागदावरच होता, तेव्हा त्यातले ४० कोटी डॉलर वळवून घेऊन त्यांनी नोव्हेंबरात सीडब्ल्यूए, म्हणजे बेकारांना थेट मजुरीचं काम देणारी तात्पुरती योजना, उभी केली. मध्य जानेवारीपर्यंत तिच्या पटावर ४० लाखांहून जास्त माणसं होती. एवढ्या लोकांना पगार वाटणार कोण? माजी सैनिकांच्या खात्याकडे देशभर पैसे पोचवायची यंत्रणा तयार होती, तिच्यामार्फत चेक निघाले. आयत्या यंत्रणेवर काम भागवायची ही हुशारी मला फार आवडते. आपल्याकडे आधी लोगो ठरला असता.

खरा बदल दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होता. निम्मी माणसं मदतयादीतून घेतली आणि निम्मी सरळ बेकारांतून. या दुसऱ्या निम्म्यांना घरची झडती नाही, गरिबीचा पुरावा नाही. काम करा, मजुरी घ्या. अकुशल कामाचा किमान दर तासाला उत्तरेत ५० सेंट, मधल्या पट्ट्यात ४५, दक्षिणेत ४०. आणि इथेच ठिणगी पडली. दक्षिणेत उगवतीपासून मावळतीपर्यंत नांगरामागे चालून दिवसाला ५० सेंट मिळवणारा माणूस तासाला ४० सेंटचं काम सोडून शेतावर का येईल? जमीनदारांनी ओरड केली आणि त्या ओरडीत काळ्या मजुरांबद्दलचा राग मुळीच लपलेला नव्हता. जॉर्जियाचे गव्हर्नर यूजीन टालमेज या तक्रारी थेट रूझवेल्टपर्यंत नेत होते. रोजगार हमीच्या कामांमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही आपल्या बागायतदारांची तक्रार ऐकलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल.

तिसरा प्रश्न: मागे काय उरलं? रस्त्यांची आणि शाळांची डागडुजी, गटारं, विमानतळांच्या धावपट्ट्या. काही कामं निव्वळ पानं गोळा करायची होती, हेही खरं. खर्च डोळ्यांत भरला, माणसं सरकारी कामाला सोकावतील अशी भीती रूझवेल्टना वाटली आणि १९३४ च्या मार्चअखेर सगळं गुंडाळलं. पाच महिनेसुद्धा पुरे नाहीत.

पीडब्ल्यूए की डब्ल्यूपीए

नावं इतकी सारखी, की प्रबंधात एकदा तरी अदलाबदल होतेच. माझ्याही एका जुन्या व्याख्यानाच्या टिपणात झाली आहे.

पीडब्ल्यूए, म्हणजे मोठ्या सार्वजनिक बांधकामांची योजना, जून १९३३ ची, हाताशी ३३० कोटी डॉलर. सूत्रं गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इकीझ यांच्याकडे. (त्यांचं गृहखातं म्हणजे जमीन, जंगल, खाणी. पोलिसांशी संबंध नाही.) इकीझ भयंकर काटेकोर. सरकारी पैशाला कुणाचा हात लागू नये म्हणून प्रत्येक करार तपासला जायचा, तपासनीस नेमले जायचे. कामं खाजगी कंत्राटदारांकडे आणि माल मोठा: सिमेंट, पोलाद, यंत्रं. त्यामुळे मजुराच्या हातात पैसा पडायला उशीर. पण मागे काय उरलं ते बघा: न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल, हडसन नदीखालचा लिंकन बोगदा, वॉशिंग्टन राज्यातलं ग्रँड कूली धरण.

डब्ल्यूपीए, म्हणजे बेकारांना थेट सरकारी कामावर घेणारी योजना, १९३५ ची, पुन्हा हॉपकिन्सची. संसदेने त्या वर्षी मदतकार्याला ४८८ कोटी डॉलर मंजूर केले होते, त्यातून ती निघाली. इथे कंत्राटदार नाही. सरकारच मुकादम, आणि पैशाचा मोठा भाग मजुरीत. १९४३ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे ८५ लाख माणसांनी तिथे कधी ना कधी काम केलं. साडेसहा लाख मैल रस्ते, सव्वा लाख सार्वजनिक इमारती. शिवाय नट, वादक, चित्रकार, लेखक यांनाही काम, कारण पोट त्यांनाही आहे, असं हॉपकिन्सचं म्हणणं. लेखकांच्या प्रकल्पाने गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांवर वृद्धांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्या. पूल पुन्हा बांधता येतो. या मुलाखती दहा वर्षं उशिरा घेताच आल्या नसत्या.

दोन्ही साहेबांचं एकमेकांशी पटत नव्हतं. २५ हजार डॉलरांच्या वरची बांधकामं पीडब्ल्यूएकडे, खालची डब्ल्यूपीएकडे, अशी वाटणी ठरली. हॉपकिन्सची माणसं मोठ्या कामाचे तुकडे पाडून ते मर्यादेखाली बसवायची. टेंडर टाळायला कामाचे तुकडे पाडणं ज्यांनी जिल्हा पातळीवर पाहिलं आहे, त्यांना इथे पानभर मजकूर सहज सुचेल.

डब्ल्यूपीएच्या दोषांकडे डोळेझाक करू नका. घरटी एकालाच काम, त्यामुळे नवरा असलेल्या बाईला दार जवळपास बंद. मजुरी बाजारभावापेक्षा कमी, मदतीपेक्षा जास्त. जास्तीत जास्त काम दिलं तेव्हाही, १९३८ च्या नोव्हेंबरात, आकडा ३३ लाखांपर्यंतच गेला. म्हणजे बहुसंख्य बेकार बाहेरच राहिले. आणि १९३८ च्या केंटकीतल्या निवडणुकीत डब्ल्यूपीएचे कामगार प्रचारासाठी राबवल्याचा बोभाटा झाला. त्यातून पुढच्या वर्षी सरकारी नोकरांच्या राजकारणाला आळा घालणारा हॅच कायदा आला.

रोहयोशी तुलना करायची असेल तर डब्ल्यूपीएच घ्या, पण एक फरक पहिल्या पानावर लिहा. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात झालेला प्रयोग, मग १९७२ चा दुष्काळ, मग १९७७ चा कायदा: महाराष्ट्राने काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला. अमेरिकेने तो कधीच लिहिला नाही. तिथे मंजूर रक्कम संपली की काम संपलं.

सीसीसी

सगळ्यांना हीच हवी असते, कारण फोटो सुंदर आहेत. १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण, जंगलातल्या छावण्या, महिना ३० डॉलर आणि त्यातले २५ थेट घरी. पहिली छावणी १७ एप्रिल १९३३ ला व्हर्जिनियात उघडली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख मुलं आणि ३०० कोटी झाडं. तिन्ही प्रश्नांना चांगले गुण मिळतात, पण ते मुलगे असाल तरच. मुलींना प्रवेश नाही. काळ्या मुलांच्या छावण्या बहुतांशी वेगळ्या. या योजनेवर इतकं लिहून झालंय की नवीन काही सांगायचं तर एखाद्या छावणीचा हिशेब उकरायला हवा, आणि तो इथे बसून मिळणं अवघड.

सुधारणा: चेक नाही, कायदा

वरचं सगळं मलमपट्टी. कायमचं जे राहिलं ते वेगळ्या खणात आहे. बँक ठेवींचा विमा १९३३ च्या बँकिंग कायद्यातून आला आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना लागू झाला. गंमत म्हणजे रूझवेल्ट सुरुवातीला त्याच्या विरोधात होते. १९३३ मध्ये सुमारे चार हजार बँका बुडाल्या होत्या, १९३४ मध्ये विमा उतरवलेल्या बँकांपैकी नऊ. आपल्याकडे असा विमा १९६२ मध्ये आला, १,५०० रुपयांपर्यंतचा, आणि आजची ५ लाखांची मर्यादा २०२० पासूनची. वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी दुसरा विचारच करू नये, हाच विषय घ्यावा.

सामाजिक सुरक्षा कायदा १४ ऑगस्ट १९३५ चा. माझ्या पहिल्या प्रश्नात हा सपशेल नापास होतो. पगारातून कपात १९३७ पासून सुरू आणि दरमहा निवृत्तिवेतनाचा पहिला चेक जानेवारी १९४० मध्ये, २२ डॉलर ५४ सेंटचा. शेतमजूर आणि घरकामगार सुरुवातीला त्यातून वगळलेले, म्हणजे दक्षिणेतली बहुसंख्य काळी माणसं बाहेर. पण आज अमेरिकेत जे म्हातारपण आहे, ते या कायद्यावर उभं आहे.

शेतीचा एएए कायदा मी विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हमखास सुचवते. भाव चढावेत म्हणून १९३३ मध्ये सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला, ६० लाख डुकरं मारली आणि शेतकऱ्याला त्याचे पैसे दिले. पैसे गेले मालकाच्या नावावर, आणि कमी जमीन कसायची म्हटल्यावर वाटेकरी कुटुंबं रस्त्यावर आली. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. कापूस आणि अनुदान ज्याने घरात बघितलंय, त्याला यातलं राजकारण समजावून सांगावं लागत नाही.

तर निवड. आकडेमोडीची आवड असेल तर ठेवविमा. साहित्याची असेल तर डब्ल्यूपीएचा लेखक प्रकल्प, मुलाखती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. स्थापत्यातून इकडे वळला असाल तर पीडब्ल्यूए. शेतीचं घर असेल तर एएए.

यातलं काहीच मनात ठरलेलं नसेल तर सीडब्ल्यूए घ्या. पाच महिन्यांची योजना साठ पानांत मावते. सुरुवात आहे, शेवट आहे, आणि वाद आहे तो विझलेला नाही: माणसाला काम द्यायचं तर त्याची गरिबी आधी तपासायची का? लोरेना हिकॉक या पत्रकार बाईंना हॉपकिन्सनी देशभर फिरून खरी परिस्थिती कळवायला पाठवलं होतं. त्यांचे अहवाल छापून उपलब्ध आहेत. त्यातले नोव्हेंबर १९३३ ते मार्च १९३४ मधले तेवढे आधी वाचा, चार पानं टिपणं काढा आणि मग विषयाच्या अर्जावर माझी सही घ्यायला या.