नसलेला ट्रस रॉड 'ॲडजस्ट' करून मिळाला

मामा गेल्यावर त्यांची मार्टिन कंपनीची डी-१८ माझ्याकडे आली. १९५०च्या दशकातली गिटार, पुढचा फळा स्प्रूसचा, पाठ आणि बाजू महोगनीच्या. आवाज अजून भरदार, पण तारा इतक्या वर गेलेल्या की पाचव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे बोटं दाबवत नव्हती. जुन्या गिटारींचं हे ठरलेलं दुखणं आहे. तारांच्या ताणाने वर्षानुवर्षांत नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, कोन बदलत जातो. त्यावर खरा इलाज नेक रीसेट: सांधा वाफेने सोडवायचा, टाच (नेकचं खोक्याला जोडलेलं टोक) किंचित तासायची आणि नेक योग्य कोनात परत बसवायची. नाजूक आणि खर्चिक काम. ज्या कारागिराकडे दुरुस्तीला दिली त्याने तेच करतो म्हणून सांगितलं आणि पैसेही त्याचेच घेतले.

गिटार परत आली तेव्हा तारा खरंच खाली होत्या. पण बिलात नेक रीसेटच्या खाली एक ओळ होती: 'ट्रस रॉड ॲडजस्टमेंट'. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत तिचा बाक सांभाळणारी धातूची सळई. मार्टिनने ॲडजस्ट करता येणारा ट्रस रॉड १९८५ मध्ये आणला. त्याआधीच्या त्यांच्या गिटारींत फिरवण्यासारखं काही नसतंच. जी वस्तू गिटारीत नाही, तिच्या दुरुस्तीचे पैसे लावले होते!

मग ती दुसऱ्या कारागिराला दाखवली. त्याने आधी पंधरावी फ्रेट हलकेच उचलली. वाफ आत सोडायला साधारणपणे तिच्या खाचेतून बारीक भोक पाडतात. तिथे भोक नव्हतं. टाचेभोवतीच्या जुन्या लॅकरलाही कुठे चीर नव्हती. नेक जागची हललीच नव्हती. मग तारा खाली कशा आल्या? ब्रिज, म्हणजे पुढच्या फळ्यावर तारा अडकवतात ती लाकडी पट्टी, घासून. आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा ब्रिज जेमतेम सहावर आणला होता. ब्रिज पातळ केला की तारा खाली येतात, पण नेकचं दुखणं तसंच राहतं आणि मूळ लाकूड कायमचं जातं. छोटा आरसा आणि दिवा आत घालून पाहिलं, तर सुटलेली एक ब्रेस (फळ्याला आतून आधार देणारी पट्टी) इपॉक्सी या कृत्रिम गोंदाने चिकटवलेली. जुनं काम सरसाचं असतं. सरस उष्णता आणि ओलाव्याने सोडवता येतो, म्हणून पुढच्या कारागिराला काम करता येतं. इपॉक्सी काढताना लाकूडच फाटण्याची भीती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते खुंट्यांचं. मामांच्या हाताने झिजलेल्या मूळ खुंट्या 'जीर्ण' म्हणून बदलल्या होत्या. परत मागितल्या तर टाकून दिल्या म्हणाला. जुन्या मूळ खुंट्यांना चांगली मागणी असते, त्यामुळे त्या कचऱ्यात गेल्या असतील यावर माझा विश्वास नाही.

अशी गिटार कुणाला देणार असाल तर आधी ब्रिजची जाडी मोजा, खुंट्यांचे आणि आतल्या नेक ब्लॉकवरच्या (नेक जोडलेल्या लाकडी ठोकळ्यावरच्या) नंबराचे फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल असं लिहून घ्या. नेक रीसेट ठरलं असेल तर नेक बाहेर काढलेली असतानाचा फोटो मागा. खरं काम करणारा तो आनंदाने पाठवतो. मला ज्याने फसवलं त्याच्याकडे पाठवायला असा फोटो असूच शकत नव्हता.

आता नवा ब्रिज करून घ्यायचा आहे, आणि नेक रीसेट अजून बाकीच आहे.